काडतुसांच्या खोलीतली उदबत्ती

२०२३ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि तू सत्तावन्नचा. वय आधी सांगतो, दिनकर, कारण आपल्या दोघांत जे काय झालं ते त्याच्यावरच उभं होतं. मी थोरला, तू धाकटा. मी सुमनचा नवरा, तू तिचा पाठचा भाऊ. आठ वर्षं आपण आखातात, दोह्याच्या पुढं अल खोरमध्ये, आपला मालक बू राशिद ह्याच्या घरामागच्या एका खोलीत राहिलो, एका तव्यावरचं जेवलो, आणि तू मला दाजी सोडून दुसरी हाक कधी मारली नाहीस. रागातसुद्धा नाही. राग मी करायचो.

मागल्या आठवड्यात तू अल दुहैलला बू राशिदच्या नातवंडांना शाळेत सोडलंस, गाडी सावलीला लावलीस, इंजिन बंद केलंस, हँडब्रेक ओढलास आणि मग मान टाकलीस. मला हे पोलिसानं सांगितलं. हँडब्रेक ओढलेला होता हे त्यानं दोनदा सांगितलं. त्याला त्याचं नवल वाटलं असावं. मला वाटलं नाही.

तू कधी भरती झालास, कुठं कुठं होतास, किती पदकं होती, ते सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मी त्यातलं काही सांगणार नाही, मला ते नीट माहीतही नाही. मी चौथीत बसलो होतो, पास झालो नाही. मला लाकूड कळतं. म्हणून ज्या खोलीत मी लाकूडकाम केलं तिच्याबद्दल बोलतो.

त्या साली बू राशिदचा उजवा खांदा डॉक्टरनं उघडून शिवला आणि सांगितलं, बंदूक बंद. आता हा सत्तरीचा माणूस. हवेत फेकलेल्या मातीच्या ताटल्या फोडायचा नाद त्याला तरणेपणापासूनचा. तो काय ऐकतोय. पण दुकानातलं काडतूस उडवलं की खांद्याला असा दणका बसायचा की दोन दिवस त्याला चहाचा पेला उचलता यायचा नाही. एक दिवस गाडी चालवता चालवता तू त्याला म्हणालास की काडतूस घरीही भरता येतं. उडवलेली रिकामी पुंगळी टाकून द्यायची नाही, परत भरायची, आणि आत दारू बेतानं घालायची, म्हणजे दणका कमी बसतो. फौजेत वीस वर्षं तू हत्यारंच दुरुस्त करत होतास, पण इथं तुझ्या कागदावर ड्रायव्हर लिहिलेलं. त्यानं तुला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

परवान्याचं त्याचं त्यानं बघितलं. गणवेशातली माणसं दोनदा येऊन खोली मापून गेली. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायचं सामान ज्या खोलीत असायचं, ती मजलिसच्या, म्हणजे त्याच्या बैठकीच्या, मागची खोली त्यानं रिकामी करून दिली. मग मला बोलावलं. टेबल आणि कपाट नज्जार करेल, म्हणाला. नज्जार म्हणजे सुतार. माझं नाव त्याला ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

टेबल कसं पाहिजे ते तू मला सांगायला लागलास आणि तिथून आपली सुरुवात झाली. तू म्हणालास, लोखंडाचा एक खिळा नको, ठिणगी पडते. बरं, ते मी ऐकलं, पितळी स्क्रू आणि लाकडी खुंट्यांवर काम केलं. तू म्हणालास, फळी फिक्या रंगाची पाहिजे, काळा दाणा सांडला तर दिसला पाहिजे. मी म्हटलं, मी सागाशिवाय टेबल करत नाही. तू म्हणालास, साग गडद आहे. मी म्हटलं, साग साग आहे. तीन दिवस हे चाललं. शेवटी बू राशिदनं फिक्या बीच लाकडाच्या फळ्या आणून टाकल्या आणि मी त्या रंधल्या. पण त्या तीन दिवसांत कोण बरोबर होतं ते मी कधी बोललो नाही. आता बोलतो. फळी फिकीच पाहिजे होती.

मग तराजू आला. दारू तोलायचा, पेटीतला, नाजूक. तो टेबलावर ठेवला की काटा थरथरायचा. तू म्हणालास, "दाजी, टेबल हलतंय."

दिनकर, मला कोणी चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. मी त्या टेबलावर उभा राहिलो, तुला उभा केला, कोपऱ्यांना गुण्या लावून दाखवला. पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर बारीक रेघा उठायच्या. तू नुसता त्या रेघांकडे बघायचास. चौथ्या दिवशी तू भिंतीला कान लावलास. पलीकडून एसीचं यंत्र बसवलेलं होतं. ते भिंतीला हलवत होतं, आणि टेबल मी तुझ्याच सांगण्यावरून भिंतीला आवळलेलं होतं. आपण ते सोडवलं, पाय जाड केले, टेबल वीतभर पुढं घेतलं. काटा उभा राहिला. तू म्हणालास, टेबल बरोबर हाय दाजी, भितच येडी हाय. मी हसलो नाही. पण त्या दिवशी भाकऱ्या मी थापल्या, तुझी पाळी असताना.

तुझी भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायची आणि फुगायची. आठ वर्षं ती खाल्ली आणि पीठ चांगलं मिळालंय म्हटलं.

खोली तयार झाल्यावर तू नियम केलेस. आत मोबाईल नाही. नायलॉनचा कपडा नाही, सुती घालूनच यायचं. दोघांपेक्षा जास्त माणसं नाहीत. आग म्हणून जे काय आहे ते दाराबाहेर. किल्ली एकच, तुझ्या कमरेला. पहिल्या शुक्रवारी नमाज करून बू राशिद आला तो हातात धुपाटणं घेऊन. त्यांच्यात कोळशावर बखूर, म्हणजे सुगंधी लाकूड, टाकून घरभर फिरवतात, पाहुण्यांच्या कपड्यांना लावतात, मानाची गोष्ट. तू दारात आडवा उभा राहिलास आणि म्हणालास, बाबा, ये बाहर रखना. मी दुसरीकडे बघायला लागलो. म्हटलं आता ह्याचं तिकीट निघालं. बू राशिदनं धुपाटण्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, धुपाटणं पायरीवर ठेवलं आणि आत आला.

त्यानंतर दर शुक्रवारी ठेवायचा.

तू भरलेली काडतुसं घेऊन तो पहिल्यांदा ताटल्या फोडायला गेला त्या दिवशी मीही गाडीत होतो. त्यानं पंचवीस उडवली, खांदा चोळून बघितला आणि पोरासारखा हसला. मग तुला जवळ बसवून आपल्या हातानं कॉफी ओतून दिली आणि उस्ताद म्हणाला. त्या दिवसापासून तू उस्ताद. मी एकोणतीस वर्षं त्याच्याकडे, त्याच्या घराची सगळी दारं माझ्या हातची, मी नज्जार. तुला इथं आणणारा मी. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो, पण लिहायला बसलोय तर तेवढं सोडून पुढं जाता येत नाही.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, पुजतात. सुताराच्या घरात हा दिवस दिवाळीच्या वरचा. कपाटाचं एक दार अजून बसवायचं होतं, म्हणून माझी सगळी हत्यारं त्याच खोलीत होती. मी म्हटलं, पूजा तिथंच मांडू, तुझं काडतूस भरायचं यंत्र, तराजू, माझे रंधे, पटाशा, सगळं एका जागी. तू म्हणालास, मांडू की. झेंडू मी अल मन्सूराहून आणतो. हळदकुंकू लावू, फुलं वाहू. नारळ आणि उदबत्ती मात्र बाहेर, पायरीवर.

"पायरीवर तो त्याचं धुपाटणं ठेवतो," मी म्हटलं. "माझा देव बी तिथंच ठेवू काय?"

"देव कुठं बी ठेवा दाजी. इस्तू भाईर ठेवा."

मी म्हटलं, माझा बाप भुश्शाच्या ढिगात बसून उदबत्ती लावायचा, कधी पेटलं नाही. तू म्हणालास, भुसा आधी धुमसतो, माणसाला उठायला सवड देतो. ही दारू धुमसत नाही, भसकन जाते, आणि खोलीला दार एकच आहे. तू हे समजावून सांगत होतास. मला ते समजावणं लागलं. सात वर्षांनी धाकटा माणूस मला माझी पूजा समजावतोय.

नवमीच्या सकाळी बू राशिदला घेऊन तू दोह्याला निघालास. मी म्हटलं, कपाटाचं बसवलेलं दार घासतंय, जरा रंधा मारून ठेवतो, किल्ली दे. तू कमरेची किल्ली काढून दिलीस. काही विचारलं नाहीस. खंडेनवमीला सुतार रंध्याला हात लावत नाही, हे तुला त्या वेळी आठवलं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. आठवलं असेल तर तू किल्ली का दिलीस? आणि आठवलं नसेल तर तुझ्यासारखा माणूस असा कसा विसरला? हे मी तुला दोन वर्षं विचारणार होतो.

मी दारूचे डबे बघितले. कपाटात होते, झाकणं घट्ट होती. मी काही अगदीच येडा नाही असं माझं मत होतं. टेबल पुसलं, हत्यारं मांडली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. एका रिकाम्या पुंगळीत दोन उदबत्त्या उभ्या केल्या, ताटलीत कापूर लावला. जळून गेलं. काही झालं नाही. राख पुसली, पंखा चालू केला, दार लावलं. मला फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

तुम्ही दुपारी चारला परत आलात. मी कुलूप काढलं, तू दार ढकललंस आणि उंबऱ्यावरच थांबलास. वास गेलेला नव्हता. आत जाऊन तू टेबलाकडे बघितलंस, मग यंत्राकडे. यंत्राच्या डोक्यावर एक बाटली उपडी बसवलेली असते. दांडा ओढला की तिच्यातून नेमकी दारू पुंगळीत पडते. आदल्या दिवशी काम अर्धं असताना बू राशिदनं तुला हाक मारली होती आणि बाटलीत पाव भाग दारू राहिली होती. मी डबे बघितले. बाटली बघितली नाही. मला ती यंत्राचाच एक भाग वाटली. तिच्यापासून हातभर अंतरावर मी कापूर लावला होता, आणि बाटलीवर कुंकवाचं बोट ओढलं होतं.

तू त्या कुंकवाकडे बोट केलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मलाही त्या वेळी कळलं. एवढं खरं.

तेवढ्यात बू राशिद मागून आला. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "शिनू हादा?" हे काय आहे. मग स्वतःच म्हणाला की हे बखूर नाही, हे इंडियाचं आहे. आणि विचारलं, किसने जलाया. आपण दोघं उभे होतो. मी तोंड उघडलं होतं असं मला वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे. आवाज तुझा आला.

"मैंने, बाबा. आज हमारा त्योहार है."

त्यानं मागं वळून पायरीकडे बघितलं. मग म्हणाला, "मैं मेरा बाहर रखता है. तेरे बोलने से." आणि हात पुढं केला. तू माझ्याकडून किल्ली मागून घेतलीस आणि त्याच्या हातावर ठेवलीस. किल्ली माझ्या खिशातून निघाली हे त्यानं बघितलं असेल, पण त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. खलास म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी तुला विचारलं, का बोललास. तू पीठ मळत होतास. म्हणालास, "किल्ली माझी हुती. किल्ली ज्याची, जाब त्यानं द्यायचा."

"किल्ली मी मागून नेली."

"बाटलीत दारू मी ठिवली. तुमचा हितं ऱ्हायाचा कागद ह्याच म्हैन्यात सहीला हाय. ह्या वयात त्यानं सही न्हाई केली, मग?"

"मी तुझ्याकडं मागितलं होतं काय?"

"न्हाई."

"मग?"

"मग जेवा," म्हणालास.

मी जेवलो.

तू मला तीन कारणं दिलीस आणि मी त्यातलं मला सोयीचं उचललं. बाटलीचं. दारू राहिली ती तुझ्या हातून, म्हणजे चूक तुझीही होती. त्या बाटलीवर मी दोन वर्षं काढली. फौजेचा नियम आहे, तो त्याच्या नियमानं वागला, माझ्यावर उपकार वगैरे काही नाही, असं मी स्वतःला सांगायचो. चौथं कारण तू बोलला नाहीस. मी तुझ्या बहिणीचा नवरा. माझ्याकडं कोणी बोट केलेलं तुला बघवलं नसतं. ते तू बोलला असतास तर मी चिडलो असतो, म्हणून बोलला नसशील.

उस्ताद म्हणणं बंद झालं. तू पुन्हा ड्रायव्हर. सकाळी पोरांना अल खोरहून अल दुहैलला न्यायचं, दुपारपर्यंत गाडीत बसून राहायचं, परत आणायचं. काडतुसं भरायला आठवड्यातून एकदा एक सुदानी माणूस यायला लागला. चांगला होता, पण त्याच्या काडतुसांनी खांदा दुखतो म्हणून बू राशिदनं बंदूक हळूहळू सोडलीच. खोलीचं कपाट मी पूर्ण केलं. माझ्या कागदावर सही झाली. त्या वर्षीही आणि पुढच्या वर्षीही.

पुढच्या खंडेनवमीला माझी पेटी तूच आपल्या खोलीपुढच्या अंगणात काढलीस. हत्यारं पुसलीस, सतरंजीवर मांडलीस, फुलं आणलीस आणि उदबत्तीचा अख्खा पुडा माझ्या हातात दिलास. हितं पायजे तेवढ्या लावा दाजी, म्हणालास. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी एक उदबत्ती लावली आणि बाकीचा पुडा आत ठेवून दिला.

आता मुख्य सांगतो. सुमननं फोनवर तुला विचारलं होतं की चांगलं मानाचं काम सोडून परत गाडी का चालवतोस. फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून लसूण सोलत होतो. तू सांगितलंस, आक्का, दारूच्या खोलीत उदबत्ती लावली माझ्या हातनं, म्हणून काढलं. मग ती जी सुटली. म्हणाली, वीस वर्षं फौजेत काय शिकलास. तुझ्यासंगट हे बी मेलं असतं. ह्यांचा तरी विचार करायचास. ह्यांच्यासारख्या माणसानं तुला तिथं नेलं आणि तू ह्यांचं नाव घालवायला निघालास.

"चुकलं आक्का," तू म्हणालास.

माझ्याकडं बघितलं नाहीस. तू एकदा जरी बघितलं असतंस तर मी बोललो असतो. असं मी इतके दिवस म्हणत आलो. खरं तर मी लसूण सोलत होतो आणि तो संपू नये म्हणून एकेक पाकळी दोनदा सोलत होतो.

सुमनच्या तोंडून ते गावात गेलं. तू सुट्टीवर गेलास तेव्हा पारावर तुला उदबत्ती हवालदार म्हणाले. पोरं नाकाला बोट लावून वास घेतल्यासारखं करायची. हे मला तू नाही सांगितलंस, तुझ्या भावकीतल्या एकानं हसत हसत सांगितलं. तू परत आल्यावर मी विचारलं, गावाकडं काय विशेष. म्हणालास, पाणी बरं आहे यंदा.

दिनकर, तुझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत भावांनी वाटून घेतलेलं, घर साधं. हत्याराच्या कामात ह्या माणसाचा हात चुकत नाही, एवढं एक तुझ्या नावाला लागून होतं. ते मी काढून घेतलं आणि दोन वर्षं माझ्याजवळ ठेवलं. तू एका खोलीत माझ्याशेजारी झोपलास आणि परत मागितलं नाहीस.

तुझे कागद व्हायला चार दिवस गेले. बू राशिदनं सगळं केलं, विमानतळावर स्वतः आला. मला म्हणाला, तू जा बरोबर. मी म्हटलं, दोन दारं अपुरी आहेत. दारं काही अपुरी नव्हती. तुझ्या पोरानं तुला तिकडं उतरवून घेतलं.

काल दुपारी सुमनचा फोन आला. रडून झालेलं होतं, आवाज कोरडा होता. म्हणाली, दहाव्याला नदीवर लोक जमतील, सरपंच बोलेल, माजी सैनिक बोलतील. आणि मग म्हणाली, "त्या उदबत्तीचं कुणीतरी काढंल वो. मेल्यावर बी हसतील त्याला. तुम्ही संगट हुता, चार चांगलं शबुद लिवून धाडा. कुणीतरी वाचंल." मी बरं म्हटलं.

काल दुपारपासून लिहितोय. चार शब्द म्हणून बसलो होतो. पहिल्यांदा लिहिलं की दिनकर स्वभावानं शांत होता, कामात चोख होता, सगळ्यांना धरून होता. तो कागद फाडला. तुला धरून मी होतो. मग २०२३ पासून सुरू केलं आणि इथवर आलो. हात दुखतोय. अक्षर कुणाला लागेल असं नाही.

मी माफी मागणारा माणूस नाही. मला ते जमत नाही, आणि मेलेल्या माणसाची माफी मागून काय मिळतं ते मला कळत नाही. तू काही ऐकणार नाहीस. ज्यांनी उलटं ऐकलंय ते ऐकतील. म्हणून जे झालं ते झालं तसं मांडलं. उदबत्ती मी लावली. किल्ली मी खोटं बोलून नेली. दिनकरनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ह्याच्यात कुणाला अजून काही विचारायचं असेल तर मला विचारावं.

लिहिणं झालं तेव्हा उजाडत होतं. मग आज सकाळी सात वाजता मी बू राशिदच्या मजलिसमध्ये गेलो. तो एकटा बसला होता. बस म्हणाला, मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, बाटलीसकट. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं डोळे मिटले. माझं झाल्यावर म्हणाला, "दो साल मैं उस आदमी को गलत समझा. तू समझने दिया." मी म्हटलं, हां. जिंदा था तब क्यों नहीं बोला, असं त्यानं विचारलं. मग त्यानं पोराला फोन लावला आणि माझं तिकीट काढायला सांगितलं. जायचं फक्त. परतीचं नाही. तू ज्याला भीत होतास तेच झालं, दिनकर, दोन वर्षं उशिरा झालं. मला वाटलं होतं मी भांडेन. भांडलो नाही. शुक्रन म्हणून आभार मानले आणि बाहेर आलो.

खोलीवर येऊन रंधे आणि पटाशा गोणपाटात गुंडाळल्या, पेटी दोरीनं आवळली. तुझे दोन सदरे राहिले होते ते वर ठेवले. मग सुमनला फोन लावला आणि सांगितलं, कागद धाडत नाही, मी स्वतः घेऊन येतोय, वाचणार पण मीच. ती म्हणाली, येवढं काय लिवलंय? मी म्हटलं, तिथंच ऐक, सगळ्यांबरोबर. आणि नदीवर लाउडस्पीकर लावायला सांग. माझा आवाज आता लांबपर्यंत जात नाही.